सावलीचं कार्ड

बहारीनमध्ये डोंगर नाही. जबल दुखान म्हणून एक उंचवटा आहे, त्याला तिथले लोक कौतुकाने डोंगर म्हणतात. आमच्या वसईच्या माणसाने तुंगारेश्वर पाहिलेला असतो, त्याला तो चढताना दमसुद्धा लागत नाही. अशा सपाट बेटावर एका ट्रॅव्हल एजन्सीत बसून मी अकरा वर्षं ऑस्ट्रेलियाचे डोंगर विकले. आणि कबूल करून टाकते, त्या अकरा वर्षांत मी ऑस्ट्रेलियाला एकदाही गेले नाही.

हे गिऱ्हाइकांना बरीच वर्षं सांगितलं नाही. कुणी विचारलं, "सिस्टर, कसं आहे हो तिकडे?" की मी म्हणायचे, "सुंदर! बघतच राहाल." खोटं नव्हतं. ब्रोशरमध्ये सुंदरच दिसायचं. पण ऐकणाऱ्याला वाटायचं, ही बाई जाऊन आलेली दिसते. मी तसं वाटू द्यायचे.

सत्तरच्या दशकात लंडनहून सिडनीला जाणारी मोठी विमानं तेल भरायला बहारीनला उतरायची. त्यामुळे आमच्या बेटावरच्या लोकांना ऑस्ट्रेलिया लांब असूनही हाताशी वाटे. संध्याकाळी इथे बसा, मधे एक मुक्काम, की सिडनी. तिकिटं हाताने लिहायची. चार पानांचं पुस्तक, मधे लाल कार्बन, एक अक्षर चुकलं की अख्खं तिकीट रद्द. मी जात्याच घाबरट. एकेक तिकीट तीनदा वाचायचे, पाकिटात घातल्यावर पुन्हा काढून वाचायचे. आमचे अकाउंट्सचे देशपांडे, पुण्याचे, म्हणायचे, "फिलोमिनाबाई, तिकिटाला वाचा फुटली तर तेच म्हणेल, पुरे आता!" हसायचे मी, पण त्यांची पाठ वळली की पुन्हा एकदा वाचायचे.

लोकांना वाटतं, ट्रॅव्हल एजंट म्हणजे तिकिटं फाडणारा. तिकीट कुणीही फाडतं. खरं काम म्हणजे माणूस ज्यासाठी एवढा खर्च करून जातो, ते त्याला दिसलं पाहिजे. सिडनीचा पूल बघायचा तर महागड्या टूरबसमध्ये बसू नका, साधी फेरीबोट घ्या आणि मागच्या कठड्याशी उभे राहा. ब्लू माउंटन्सला एका दिवसात जाऊन येऊ नका, सकाळी तिथे धुकं असतं, समोर पांढरी भिंत बघून परत याल. रात्र राहा, दुपारी धुकं उठतं. हे सगळं मी जाऊन आलेल्या लोकांकडून ऐकून वहीत टिपून ठेवत असे आणि जाणाऱ्यांना स्वतःच्या अनुभवासारखं सांगत असे. एक गृहस्थ तर कांगारू दिसला नाही म्हणून भांडायला आले होते. बारा दिवसांत एक कांगारू नाही म्हणजे काय! मी म्हटलं, "साहेब, तो काही एअरलाइनचा कर्मचारी नाही." त्यांच्या बायकोला हसू आवरेना, म्हणून मी वाचले.

पण आमच्या ऑफिसचं नाव झालं ते माझ्या सावलीच्या कार्डामुळे.

माझे बाबा भाजी घेऊन एसटीने फिरायचे. गाडीत शिरायच्या आधी ते एकदा सूर्याकडे बघायचे, गाडी कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहे ते बघायचे आणि बरोबर सावलीची बाजू पकडायचे. बाकीचे लोक दोन तास उन्हात भाजून निघत आणि आमचे बाबा गार डुलकी काढत. आखातात तर उन्हाची धास्ती सगळ्यांनाच. म्हणून मी नकाशा, पट्टी आणि टाइमटेबल घेऊन बसायचे आणि प्रत्येक प्रवाशाला एक पुठ्ठ्याचं छोटं कार्ड लिहून द्यायचे. सकाळची गाडी, डावीकडे बसा. दुपारची बस, उजवीकडे. युरोपला गेलेले लोक येऊन शाबासकी द्यायचे. आमचा मुदीर, म्हणजे मालक, गिऱ्हाइकांना म्हणायचा, "आमच्या फिलोमिनाच्या खिशात सूर्य असतो." मला फार बरं वाटायचं ते ऐकून. आता आठवलं की कानशिलं तापतात.

पहिली सूचना मला कर्णिकबाईंनी दिली होती. मुंबईच्या, मिस्टर बँकेत. मार्चमध्ये सिडनीहून आगगाडीने पश्चिमेकडे अ‍ॅडलेडला गेल्या. मी हिशेब केला होता: गाडी पश्चिमेला, दुपारचा सूर्य दक्षिणेला, म्हणजे डावीकडे ऊन. लिहून दिलं, उजवीकडे बसा. परत आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी.

"अहो, काय तुमचं ते कार्ड! पापडासारख्या भाजून निघालो. समोरचे लोक डावीकडे मस्त सावलीत!"

"गाडी उलटी लावली असेल हो इंजिनाला," मी म्हटलं.

"गाडी उलटी लावली तरी सूर्य उलटा लावतात का?"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, त्यांना चहा मागवला आणि विसरून गेले. एवढ्याशा तक्रारीत काय दडलंय हे बघायला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट मी दिलं नाही.

त्याच वर्षी जुलैत हाजी आले. हिद्दचे. हिद्द म्हणजे मुहर्रक बेटाच्या टोकाचं दर्यावर्दी लोकांचं गाव. हाजी तिथले जुने नाखुदा, आपल्याकडच्या नाखव्यासारखे, स्वतःचं गलबत चालवणारे. बसरा ते मुंबई आयुष्यभर खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचे, तेही भेंडीबाजारातलं. मुलगा मोठा ठेकेदार, आमच्या मुदीरचा जिवलग दोस्त. त्याने सुटीत वडिलांना, बायकोमुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाचा बेत आखला होता. हाजींची मागणी एकच होती.

"बेटी, सारी उमर पानी देखा, रेत देखी. एक बार बादल को ऊपर से देखना है. पहाड़ पे खड़ा होके."

मी ब्लू माउंटन्सच्या एका कड्यावरचं हॉटेल शोधून दिलं. तिथे सकाळी दरीत ढग भरलेले असतात आणि आपण वर. हाजी फोटो बघून लहान मुलासारखे खूश. मुलाला मात्र काळजी. "बाबांना रोज दुपारच्या नमाजानंतर तासभर एकटं चालायची सवय आहे. कुणी बरोबर आलेलं चालत नाही. इंग्रजी येत नाही. तिथे झाडीत चुकले तर?"

"काळजी करू नका," मी म्हटलं. आयुष्यभर स्वतः काळजी करणारी मी, दुसऱ्याला किती सहज सांगून गेले! नकाशा काढला. कडा दक्षिणेला, हॉटेल कड्याच्या उत्तरेला, फार लांब नाही. हाजींना इंग्रजी वाचता येणार नाही म्हणून कार्डावर चित्रच काढलं. मागे सूर्य, मधे काठी घेतलेला माणूस, पुढे त्याची लांब सावली, आणि सावलीच्या टोकाला हॉटेल. आमचा ड्रायव्हर जासिम, तोही हिद्दचा, त्याच्याकडून खाली अरबीत लिहून घेतलं: दुपारी पाठीवर ऊन घ्या, सावलीमागे चाला, हॉटेल येईल.

हाजी खदाखदा हसले. "मुझे सूरज सिखाती है? यल्ला, दे दे." आणि कार्ड अंगरख्याच्या खिशात गेलं.

ते लोक गेल्यावर पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास टेलेक्स खडखडला. टेलेक्स म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र, जगातल्या दुसऱ्या टोकाला कुणी टाइप केलं की इथे आपोआप कागदावर उमटतं. सिडनीच्या आमच्या एजंटचा निरोप होता. वृद्ध प्रवासी दुपारपासून बेपत्ता. कड्याजवळ फिरायला गेले होते. अंधार पडला आहे, थंडी कडाक्याची आहे, शोध चालू आहे.

इकडे अकरा म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा. आमच्या खिडकीबाहेर रस्ता वितळेल असं ऊन, आणि तिकडे एक म्हातारा माणूस काळोखात, थंडीत, पातळ अंगरख्यावर. मुदीर बाहेर गेला होता. ऑफिसात मी आणि देशपांडे.

"सापडतील हो," देशपांडे म्हणाले. "जुलैत एवढी थंडी असते का तिकडे?"

"हिवाळा असतो ना. त्यांचा जुलै म्हणजे आपला जानेवारी."

"हो की. आपला सूर्य उत्तरेला सरकला की त्यांच्याकडे हिवाळा." ते सहज बोलून फायलीत डोकं घालणार, तेवढ्यात थांबले. "पण मग काय हो, फिलोमिनाबाई, तिथून बघितलं तर दुपारी सूर्य उत्तरेलाच दिसत असणार. नेहमीच."

मी फाइलमधून कार्डाची नक्कल काढली. दोघं बघत बसलो. मी मॅट्रिकला भूगोलात हेच लिहून मार्क मिळवले होते. पृथ्वीचा खालचा अर्धा भाग, तिथे दुपारी सावली दक्षिणेला पडते. पाठ होतं मला! आणि इतक्या वर्षांत ते माझ्या पट्टी-नकाशापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. मी प्रत्येक ऑस्ट्रेलियाच्या कार्डावर आपला वसईचा सूर्य लावून दिला होता.

पाठीवर ऊन घेऊन, सावलीमागे चाललं, तर हाजी हॉटेलकडे जाणार नव्हते. कड्याकडे जाणार होते. दरीकडे.

"देवा," एवढंच आलं माझ्या तोंडून.

आता करायचं ते उघड होतं. ताबडतोब कळवायचं: दक्षिणेला शोधा, दरीत उतरणाऱ्या पायवाटेवर, मी त्यांना उलटी दिशा लिहून दिली आहे. टेलेक्स समोर होता. मी खुर्चीत बसले, बोटं ठेवली, आणि बोटं हलेनात. टेलेक्सची प्रत मुदीरच्या टेबलावर जाते. तिकडे तो कागद हाजींच्या मुलाच्या हातात पडणार. माझा व्हिसा मुदीरच्या सहीवर. माझे मिस्टर, पास्कल, हॉटेलात किचनमध्ये होते, त्यांची पाठ धरलेली, दोन महिने घरी बसून. मुली शाळेत. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि खोडत होते. अशा वेळी माणूस किती नीच होतो बघा, एक मन म्हणत होतं, कदाचित आतापर्यंत सापडलेही असतील, उगाच कशाला.

देशपांडे दोनदा म्हणाले, "अहो, पाठवा. कारण लिहू नका हवं तर. पण पाठवा."

बाहेर दुपारची अजान झाली तेव्हा मी भानावर आले. रस्त्यावरच्या माणसांच्या सावल्या त्यांच्या पायाखाली गोळा झाल्या होत्या. मी टाइप केलं: दक्षिणेकडे, दरीत उतरणाऱ्या वाटेवर शोधा. तातडीने. कारण लिहिलं नाही. घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं गेली होती.

मुदीर आला, कागद वाचला. "तुला कसं कळलं, दक्षिणेला?"

"अंदाज," मी म्हटलं.

दुपारी ऑफिस बंद असायचं, मी गेले नाही. संध्याकाळी उघडलं, मी तिथेच. यंत्र गप्प. जासिम येऊन शेजारी बसला. हाजी त्याच्या बापाचे दोस्त. "इंशाल्ला," तो दर थोड्या वेळाने म्हणायचा आणि मला ते ऐकवत नव्हतं, कारण कार्डावरचं अक्षर त्याचं होतं आणि त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ऑफिस बंद करून मुदीरने मला घरी पाठवलं. पास्कलनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." रोजरी हातात घेतली, पण प्रार्थना कुठल्या तोंडाने करायची?

सकाळी झाडूवाल्याच्याही आधी पोचले. यंत्रातून कागद लोंबत होता. घाईत ओढला, तो आडवा फाटला. दोन तुकडे जोडून वाचला. सापडले. जिवंत. दरीच्या पायऱ्यांखाली एका खडकाच्या आडोशाला. पाय मुरगळलेला, छातीत थंडी भरलेली, इस्पितळात आहेत. मी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

सप्टेंबरमध्ये एक दिवस हाजी आणि त्यांचा मुलगा ऑफिसात आले. हाजी निम्मे झाले होते, खोकत होते. मी उभी राहिले. आता सगळं बाहेर येणार हे मी धरूनच चालले होते. मुलींच्या शाळेचा दाखला कसा काढायचा, सामान कुणाला द्यायचं, इथवर माझं मन पोचलं होतं.

मुलाने माझ्यासमोर मुदीरला सांगितलं, "या बाईंमुळे माझे वडील जिवंत आहेत. यांचा निरोप आला म्हणून लोक खाली उतरले. फक्त थोडा उशिरा आला. शोधणारी पहिली तुकडी नुकतीच दुसऱ्या बाजूला निघून गेली होती आणि मग धुकं उतरलं. अर्धा तास आधी आला असता तर रात्रीच सापडले असते. पण नशीब! तुम्हाला कळलं कसं हो?"

अर्धा तास. ते त्याने कौतुकाने सांगितलं. मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते, असं मला आजही वाटतं. पण त्याआधी हाजी बोलले.

"उसने सही लिखा था. मैं बुड्ढा, उलटा पकड़ लिया." आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसले. मुलगा हसला, मुदीर हसला. नाखुदा आणि सूर्य चुकला!

मुलगा आणि मुदीर आतल्या खोलीत कॉफी प्यायला गेले. हाजींनी खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. चुरगळलेलं, ओल लागून फुगलेलं. माझ्या चित्रातला सूर्य पेनाने खोडून त्यांनी दुसऱ्या बाजूला काढला होता.

"बेटी, उधर सूरज उलटा चलता है. सीढ़ी उतरते-उतरते मालूम पड़ा. फिर बैठ गया, हिला नहीं." मग हळू आवाजात, "तुम कभी गयी नहीं उधर?"

"नहीं," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मेरा बेटा गरम दिमाग का है. उसको मत बोलना. तुम्हारे बच्चे हैं." खोकल्याची ढास आली, ती ओसरल्यावर म्हणाले, "बादल देखा मैंने. ऊपर से. सुबह-सुबह, दो दिन. बिलकुल समंदर."

त्यानंतर मी ऑस्ट्रेलियाची सगळी कार्डं हाजींच्या त्या कार्डावरून लिहिली. कर्णिकबाईंना भेटून माफी मागितली. गिऱ्हाइकांना सांगू लागले, "मी गेलेले नाही, पण गेलेल्या माणसाकडून ऐकलंय." धंदा काही कमी झाला नाही. एवढी साधी गोष्ट होती.

जासिमकडून मात्र हिद्दच्या बातम्या कळायच्या. तिथल्या कॉफीच्या दुकानात म्हाताऱ्यांना नवा खेळ मिळाला होता. हाजी उठले की कुणीतरी ओरडायचं, "नाखुदा, घर कुठल्या बाजूला?" दुसरा म्हणायचा, "सूर्याला विचारा!" ज्या माणसाने चाळीस वर्षं आकाश बघून माणसं सुखरूप घरी आणली, त्याला तरुण पोरंसुद्धा वाट दाखवायला उठायची. "हाजी काय करतात?" मी विचारायचे. "हसतात," जासिम म्हणायचा. "एकदा मात्र म्हणाले, आता पुरे, खलास. तरी कुणी ऐकतं का!"

मला त्या दुकानापर्यंत जायला जासिमच्या गाडीत वीस मिनिटं लागली असती. निदान जासिमला तरी सांगता आलं असतं. पुढल्या आठवड्यात, रमजान झाल्यावर, व्हिसा नवा झाल्यावर, असं करता करता चार वर्षं गेली. हाजी गेले तेव्हा जासिमने सुटी मागितली आणि जाताना हसून डोळे पुसत म्हणाला, "आता वर तरी रस्ता नीट सापडो म्हाताऱ्याला." तेव्हाही मी गप्प बसले.

पुढे आम्ही कायमचे वसईला आलो. मुली आपापल्या संसाराला लागल्या. धाकटी मेलबर्नला आहे, बोलावते, मी जात नाही. तिला वाटतं आईला विमानाची भीती.

या नाताळ अंकासाठी आखातातल्या नोकरीवर लिहा म्हणून संपादकांनी सांगितलं तेव्हा ट्रंकेतून ते कार्ड काढलं. ते इतकी वर्षं माझ्याकडे आहे, कुणाला दाखवलेलं नाही. आज लिहून टाकते. हाजी रस्ता चुकले नव्हते. त्यांनी सूर्य बरोबर धरला होता आणि मी सांगितलं तसंच चालले होते. चूक कार्डात होती आणि कार्ड माझं होतं.

पण बघा ना, लिहितेय तेही मराठीत. हिद्दमध्ये हे वाचू शकेल असा एकही माणूस नाही, हे मला लिहायला बसण्याआधीच ठाऊक होतं.